त्या लेखाखाली माझे नाव होते

आज सकाळी मावशीने घरच्या व्हॉट्सॲप समूहावर एक लेख पाठवला आणि सोबत लिहिले, "कोणी लिहिला आहे ठाऊक नाही, पण सर्वांनी जरूर वाचा." तो लेख माझा आहे. छापखान्यात 31 वर्षे जुळारी म्हणून, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचे, काम केलेल्या माझ्या वडिलांवर मी तो दोन वर्षांपूर्वी येथेच, फेसबुकवर लिहिला होता. फिरत फिरत मावशीपर्यंत पोचेतो त्याला कोणीतरी नवे शीर्षक दिले, शेवटचा परिच्छेद कापला आणि माझे नाव काढून तेथे 'लेखक अज्ञात' असे लिहिले.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी त्यातली एक गोष्ट सांगते. दिवाळी अंकाच्या घाईत एका रात्री जुळवलेल्या पानांचा फर्मा यंत्रावर चढला होता, दीडएकशे कागद छापूनही झाले होते, आणि एका नवख्या कवीच्या आडनावात वेलांटी चुकली असल्याचे वडिलांच्या लक्षात आले. त्यांनी यंत्र थांबवायला लावले, तो खिळा चिमट्याने काढून दुसरा बसवला आणि मगच छपाई पुढे जाऊ दिली. वाया गेलेल्या कागदाचे पैसे मालकाने त्यांच्या पगारातून कापले. हीच गोष्ट वाचून ज्याने हात जोडल्याची चित्रे टाकली, त्याच माणसाने तिच्याखालचे नाव पुसले असेल, तर त्याने नेमके काय वाचले?

"लेख हजारो लोकांपर्यंत पोचला ना, मग नावाचा हव्यास कशाला?" असे मला आजवर अनेकांनी ऐकवले आहे. ज्या संतांनी सर्वस्व सोडले त्यांच्याही अभंगाच्या शेवटी 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' येतेच. दळताना, कांडताना, वारीत चालताना ज्या माणसांनी ते अभंग शतकानुशतके तोंडी सांभाळले, त्यांतल्या कित्येकांना अक्षरओळखही नव्हती, तरी त्यांनी जनीचे नाव गाळले नाही. आपल्याला मात्र बोटाने एक ओळ पुढे नेणे जड जाते.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 सांगते की, लेखकाने हक्क विकले तरी ती कृती आपली आहे असे म्हणण्याचा त्याचा अधिकार उरतोच. पण मी तो कोणापुढे मांडू? 2018 पासून व्हॉट्सॲप पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवते. संदेश हिंडून आला हे त्यावरून कळते, तो मुळात कोणाकडून निघाला हे कळत नाही.

मान्य करते, इंटरनेट नसते तर हा लेख कोणी वाचलाच नसता, कारण दोन दिवाळी अंकांकडून तो मला 'साभार परत' आला होता. पण अंकात छापून आलेल्या लेखाचे मानधन उशिरा मिळो वा न मिळो, अनुक्रमणिकेत नाव असायचेच.

आणि हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. गेल्या वर्षी मी पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढले, 300 प्रती, कारण वितरकाने मागितलेली 45 टक्के सूट मला परवडणारी नव्हती. मागणी फोनवर येते, पैसे यूपीआयने येतात, पुस्तक मी स्वतः पोस्टात नेऊन देते. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लेख वाचून, नाव शोधून मला गाठले आहे. न्यू जर्सीतल्या एका बाईंनी तर पुण्यातल्या भावाच्या पत्त्यावर चार प्रती मागवल्या. माझ्याजवळ दुकान नाही, प्रकाशक नाही, जाहिरात नाही. जे आहे ते लेखाखालचे नाव आहे, आणि तेच कापले की वाचकाला माझ्यापर्यंत येण्याची वाटच उरत नाही. वडिलांनी त्या कवीच्या वेलांटीसाठी यंत्र का थांबवले, हे मला पुस्तक विकायला लागल्यावर खरे कळले.

रागाच्या भरात मी समूहावर एवढेच लिहिले की हा लेख माझा आहे. पाच मिनिटांत मावशीचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हते. "अगं, वाचताना सारखे भाऊजी डोळ्यांपुढे येत होते," ती म्हणाली, "पण खाली अज्ञात लिहिले होते, म्हणून वाटले, दुसऱ्या कोणाचे वडील असतील."

तिने तो लेख आणखी ज्या चार समूहांवर पाठवला होता, तेथे आता ती एकेक करून माझे नाव लिहीत बसली आहे. वय 74, चष्मा बदलायला झाला आहे, आणि दर वेळी मला विचारते आहे की आडनावातली वेलांटी पहिली की दुसरी.