कडेनं धर रे, कडेनं!

"काका, या गाण्याच्या तबकड्यांवरचं सगळं यूट्यूबवर फुकट आहे ना जी!" घरी येणारा प्रत्येक जण हा शोध मला नव्यानं सांगतो. सांगता सांगता तर्रीची बोटं थेट एलपीच्या, म्हणजे मोठ्या विनाइल तबकडीच्या, खाचांवर! अरे, पापड आहे का तो?

परवा भाच्यानं 78 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी, लाखेची तबकडी 'वाकते का बघू' म्हणून वाकवली. वाकत नाही, तुटते. झालं समाधान? मे महिन्यात पाहुण्यानं एक एलपी खिडकीत ठेवली. नागपूरचं 45 अंशांचं ऊन! संध्याकाळी तिचा द्रोण. आणि ती घड्याळं! ड्यूक एलिंग्टनसारख्या जॅझ पियानोवादकाच्या तबकडीला काटे लावून भिंतीवर टांगायचं? माणसाला वाजवायचं सोडून त्याच्यावर वेळ बघता?

चिडू नये म्हणून आठवणीत शिरतो. 1978, मुंबई, पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव. नागपूरहून रात्रभर जनरल डब्यात उभा राहून गेलो होतो. समोर साक्षात जॅझचा थोर सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स! तो सॅक्सोफोन असा घुमला, की पायातली कळच विसरलो. डोळे मिटून हे सांगतोय, अन् भाचा विचारतो,

"मामा, हा त्या सॅक्सोफोनवाल्या केनी जीचा कोण?"