व्हिसा-फ्री म्हणजे बिनशर्त नव्हे

पासपोर्टांची जागतिक क्रमवारी जाहीर झाली की भारतात एकच वाद रंगतो: व्हिसाशिवाय किती देश, आपण वर चढलो की घसरलो. क्वालालंपूरला राहणाऱ्या मला त्या आकड्यापेक्षा काळजी वाटते ती तो आकडा बघून निघालेल्या माणसांची.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३पासून भारतीयांना ३० दिवसांसाठी व्हिसामाफी दिली आणि आमच्याकडे नाशिक-पुण्याच्या पाहुण्यांची ये-जा वाढली. त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण पासपोर्टची किमान सहा महिने मुदत, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चापुरते पैसे, यातलं काहीही इथे विचारतात. येण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्डही भरावं लागतं. ते फुकट आहे, तरी त्याचे पैसे उकळणाऱ्या वेबसाइट आहेत. टूरच्या जाहिरातीत मात्र ठळक अक्षरात 'नो व्हिसा' आणि बाकी सगळं गुलदस्त्यात.

एरवी वकिलातीत होणारी चौकशी इथे विमानतळावर होते. वकिलातीने नकार दिला तर माणूस निदान आपल्या घरी असतो. इथे नकार मिळाला तर मुलाबाळांसह तिथेच थांबायचं आणि पुढच्या विमानाने माघारी. परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर असते, म्हणूनच मुंबईच्या चेक-इनवर परतीचं तिकीट मागतात. त्यावरून तिथल्या कर्मचाऱ्यांशी भांडण्यात अर्थ नाही.

अशी चौकशी आणि परत पाठवणं हा देशाचा अपमान, असं अनेक जण लिहितात. मला ते पटत नाही. थाई लोकांना दक्षिण कोरियाचा व्हिसा लागत नाही, तरी २०२३मध्ये त्यांना तिथल्या विमानतळांवरून परत पाठवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की थायलंडमध्ये कोरियावर बहिष्काराची हाक दिली गेली. एकट्या तरुणाला जास्त प्रश्न विचारतात हे खरं, आणि खऱ्या पर्यटकावर तो अन्यायच आहे. पण त्याचं मूळ एजंटांच्या धंद्यात आहे. इराणने नोव्हेंबर २०२५मध्ये भारतीयांची व्हिसामाफी थांबवली. नोकरीचं किंवा तिसऱ्या देशात पोचवण्याचं आमिष दाखवून नेलेल्यांचं तिथे खंडणीसाठी अपहरण होत होतं. त्या एजंटांवरचा राग मला पासपोर्टच्या चर्चेत क्वचितच दिसतो.

शिवाय सगळ्या भारतीय पासपोर्टांना सारखी वागणूक नाही, तीही आपल्याच देशात. दहावी न झालेल्या बहुतेकांचा पासपोर्ट 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असतो, आणि नोकरीसाठी जाताना ज्या देशांकरता त्यांना सरकारी परवानगी लागते त्यांत मलेशिया आहे. नुसतं फिरायला यायला ती लागत नाही. तरीही बहिणीला भेटायला निघालेल्या अशा भावाला मुंबईच्या इमिग्रेशनवर आपण कामाला चाललो नाही हे पटवून द्यावं लागतं. परतीचं तिकीट, बहिणीचा पत्ता, तिचं पत्र हे सगळं हातात ठेव, असं त्याला तिकीट काढून देणाऱ्याने तरी आधी सांगायला हवं. टूर कंपन्यांना या अटी जाहिरातीतच, मराठीत, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला लावाव्यात अशी माझी मागणी आहे.