सुलट, उलट आणि काकू

काल माझा अर्धा मफलर उसवला गेला. मांजराने नाही, लहान मुलाने नाही. साठीच्या, चष्मा लावलेल्या, पूर्ण शुद्धीवर असलेल्या एका बाईंनी तो उसवला. दातांच्या दवाखान्यात, माझ्या शेजारी बसून, मला एका शब्दाने न विचारता.

दातांचे डॉक्टर वेळेवर बोलावतात आणि वेळ टळल्यावर बघतात, म्हणून मी विणकाम सोबत नेतो. नवशिक्याला झेपेल असंच आहे. ४ मिलिमीटरच्या सुया आणि सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या, उलट टाका एकही नाही. असं कापड दोन्हीकडून सारखं दिसतं आणि सपाट पडून राहतं. मफलरने आणखी काय करायचं असतं?

काकूंनी आधी सुयांकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे, मग परत सुयांकडे.

"बायकोचं आहे का?"

"नाही, माझंच."

"तू विणतोस? मग स्वयंपाकही तूच करत असशील."

"साधाच. भात, भाजी, अंडी."

"मग बायको काय करते?"

भांडण टाळायचं असलं की मी सनावळी काढतो. म्हटलं, काकू, मोजे विणायचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने केलं, १५८९ साली. पुरुषच होता.

"बघ! यंत्र केलं ना त्यानं? हातानं नाही बसला विणत."

यावर काय बोलणार? आणि बोलायला सवड होती कुठे, त्यांचा हात पुढे आलाच होता. "सगळं सुलटच घेतोयस की! एक ओळ सुलट, एक ओळ उलट. आण इकडे." सुई सर्रकन बाहेर. टाके क्षणभर मुकाट उभे राहिले, आणि मग धागा ओढला गेला. टर्रर्र.

ही जमात स्वयंपाकघरातही असते. भात मंद आचेवर मुरतोय, झाकणाखाली वाफ कोंडलीय, तिच्याच जिवावर वरचे दाणे शिजायचे आहेत. नेमका तेव्हा कोणीतरी येऊन झाकण उचलतो, "झाला का बघतो" म्हणतो आणि निघून जातो. वरचा थर कच्चा राहतो आणि नाव माझं होतं. पाककृती लिहिणारेही त्यांचेच भाऊबंद. 'चवीनुसार मीठ' म्हणे! चवीचं कळत असतं तर तुमची पाककृती कशाला वाचली असती? त्या मानाने विणकामाचे नमुने प्रामाणिक: १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके, २८ ओळी, मोजा आणि गप्प बसा. फक्त सुईचा नंबर विचारू नका. ८ नंबरची सुई जुन्या ब्रिटिश मापात ४ मिलिमीटरची, अमेरिकन मापात ५ ची. वर ब्रिटिशांकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकनांकडे जाड. दोन देशांचं जिथे एका सुईवर जमलं नाही, तिथे माझं आणि काकूंचं काय जमणार?

तर काकूंनी नव्याने टाके घातले (माझे किती होते हे विचारलंही नाही) आणि सपाटा लावला. हात झकास चालत होता, धागा बोटावरून नुसता वाहत होता. त्याचाच जास्त राग येतो. चार बोटं कापड झालं आणि जे व्हायचं तेच झालं. दोन्ही कडा मागे वळल्या आणि खालचा काठ पुढे गुंडाळला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलेलं कापड वळतंच, म्हणून तर मी सगळं सुलट घेत होतो!

"काकू, हे गुंडाळतंय."

"धुतलं की बसेल."

नाही बसत. ओलं करून, टाचण्या लावून वाळवलं तरी वापरता वापरता पुन्हा वळतं. हे मी सांगणार तोच त्यांना आतून हाक आली. सुया माझ्या मांडीवर टाकून, "आता असंच पुढे ने," म्हणत त्या आत गेल्या.

मांडीवर उसवलेली लोकर कुरळी होऊन पडली होती. ती ओली केल्याशिवाय किंवा वाफ दिल्याशिवाय सरळ होत नाही, म्हणजे घरी गेल्यावर तेही काम माझंच. समोरच्या बाकावरच्या सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. एकजण मला म्हणाला, "शिकून घ्या की, फुकट शिकवतायत." हाच माणूस मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता. मी उठून त्याचा मोबाइल हिसकावून, मजकूर पुसून, "वाक्य असं लिहायचं असतं" म्हटलं असतं तर? पोलीस आले असते. नवशिक्याच्या हातातली वस्तू मात्र सार्वजनिक मालमत्ता!

मी काकूंचं काम गुपचूप उसवलं, माझे टाके घातले आणि पुन्हा सुलट ओळी सुरू केल्या. काही वेळाने काकू बाहेर आल्या. गालात कापसाचा बोळा, ओठ एका बाजूला झुकलेला, शब्द फुटेना. मला वाटलं, सुटलो.

पण भूल फक्त तोंडाला दिली होती. त्या माझ्या शेजारी टेकल्या, सुया काढून घेतल्या आणि मान हलवत उसवायला लागल्या.