परवडणारे घर मिळवण्याची खात्रीशीर रीत

नव्या शहरातल्या नोकरीचे पत्र हाती पडले, की तेथील घरभाड्यांविषयी आपण चुकूनही चौकशी करू नये. भाडे उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावे, असा एक आडाखा अनुभवी माणसे सांगतात. तो विसरणे अगदीच जमत नसेल, तर ही टक्केवारी हातात पडणाऱ्या पगारावर न काढता नियुक्तिपत्रावरच्या आकड्यावर काढावी. कर आणि कपाती बाजूला ठेवल्या, की आपण एका रात्रीत बरेच श्रीमंत होतो. प्रत्यक्ष शोध मात्र सामान बांधून झाल्यावर, जुन्या घराची किल्ली परत केल्यावर आणि रुजू व्हायला चार दिवस उरल्यावरच सुरू करावा. अडलेल्या हरीने कोणाचे पाय धरायचे, हे शाळेत शिकवलेले असतेच.

जाहिरातींमधल्या ‘हवेशीर’ आणि ‘प्रशस्त’ या शब्दांवर पुष्कळांनी विनोद करून झाले आहेत, त्यामुळे त्यात मी भर घालत नाही. खरी करामत छायाचित्रांची असते. साधारण ५० मिलिमीटरच्या लेन्समधून दिसणारे दृश्य आपल्याला स्वाभाविक वाटते. तीच खोली १६ मिलिमीटरच्या लेन्सने दाराच्या कोपऱ्यातून टिपली, की समोरची भिंत लांब पळते, जमीन पसरते आणि १० बाय १० च्या खोलीत लग्नाची पंगत बसेल असे वाटू लागते. अशा वेळी मोजण्याची टेप घरीच विसरावी. अन्यथा साडेसहा फुटांचा पलंग आणि दोन फूट खोल कपाट समोरासमोर ठेवले, की मधे दीड फूटच उरतो, कपाटाचे दार पुरते उघडायचे तर पलंगावर चढून बसावे लागते, हे सारे करारावर सही करण्यापूर्वीच कळेल आणि राहायला गेल्यावर शोध लागण्यातली मौज निघून जाईल.

भाडे आसपासच्या घरांच्या निम्मे असेल, तर त्याचे कारण विचारणे हा मालकाच्या औदार्याचा अपमान होय. मालक परदेशात असतो, त्याला घर दाखवायला सवड नसते, पण अनामत रक्कम स्वीकारायला असते, आणि किल्ली कुरियरने यायची असते. आज आणखी तिघे पैसे भरायला तयार आहेत, असेही तो कळवतो. आपण चौथे न होता पहिले व्हावे. तेच छायाचित्र इंटरनेटवर शोधून पाहिले असता ते भलत्याच शहरातल्या भलत्याच घराचे निघण्याचा संभव असतो. म्हणूनच शोधू नये.

घर प्रत्यक्ष पाहायचा हट्ट असलाच, तर सुट्टीच्या दिवशी सकाळी जावे, कारण त्या वेळी रस्ता झोपलेला असतो. सर्वांत वरचा मजलाही सकाळी गार असतो; दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब साठवलेली उष्णता रात्री आपल्या उशाशी कशी परत करतो, याचा अनुभव पुढे फुकट मिळतोच. नळ सोडून पाहू नये. आणि भिंतींना नुकताच रंग दिलेला असेल, तर त्या वासाने भारावून जावे.

येथे थोडे स्वतःविषयी सांगतो. माझ्या पहिल्या भाड्याच्या घरात एक लोखंडी कपाट खोलीच्या कोपऱ्यात तिरके उभे होते. ‘तुमच्यासाठीच ठेवले आहे,’ असे मालक म्हणाले आणि मी त्यांचे दोनदा आभार मानले. चौथ्या दिवशी कपाट सरकवले, तेव्हा मागच्या भिंतीवर हातभर उंचीपर्यंत पिठासारखी पांढरी भुकटी दिसली. बोट लावताच रंगाचा पोपडा अख्खाच्या अख्खा हातात आला. ओल भिंतीतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. रंगाचे नवे हात चढवल्याने ती ओल काही जात नाही. ‘हवेतला दमटपणा असेल,’ असे मालक फोनवर म्हणाले, आणि त्या दमटपणाचे वेगळे भाडे न लावल्याबद्दल मी तिसऱ्यांदा आभार मानले.

इतके करूनही शहरात घर परवडत नसेल, तर शहराबाहेर पाहावे. भाडे कमी होते, हे अगदी खरे आहे. फरक एवढाच, की जायला दीड आणि यायला दीड असे रोजचे तीन तास, महिन्याचे २२ दिवस, या हिशेबाने वर्षाला ७९२ तास होतात. म्हणजे वर्षातले ३३ दिवस, रात्रींसकट, आपण प्रवासातच राहतो. आणि त्या दिवसांचेही घरभाडे भरतो, ते वेगळेच. हा हिशेब कागदावर मांडू नये. कागदावर फक्त भाड्यातली बचत मांडावी आणि तिच्याखाली दोन रेघा ओढाव्यात.

करारनामा वाचणे असभ्यपणाचे आहे, विशेषतः मालक समोर पेन उघडून बसले असताना. ठरल्या मुदतीपूर्वी घर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे कोणी द्यायचे आणि ‘सामान्य झीज’ कशाला म्हणायचे, ही कलमे बारीक अक्षरात असतात, ती डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून तशीच सोडून द्यावीत. ताबा घेताना भिंतींची, फरशीची आणि नळांची तारीखवार छायाचित्रे काढून मालकांना पाठवून ठेवणारे काही संशयी भाडेकरू असतात. त्यांना अनामत रक्कम बरीचशी परत मिळते, पण मालकांशी तो जिव्हाळा राहत नाही.

काही महिन्यांनी आपल्याला घर सोडावेसे वाटेल आणि तेव्हा ते न वाचलेले कलम मालक तोंडपाठ म्हणून दाखवतील. मुदत संपेपर्यंतचे भाडे भरा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा भाडेकरू आणा, असे ते सांगतील. त्याही वेळी खचून जाऊ नये. दाराच्या कोपऱ्यात उभे राहून फोनची सर्वांत रुंद लेन्स निवडावी, रंगाचा एक हात मारून घ्यावा, आणि छायाचित्र काढण्याआधी ते लोखंडी कपाट होते तसे पुन्हा कोपऱ्यात तिरके लावावे.