वळवाच्या पाण्याचा नमुना

गेल्या मे महिन्यात गावी होते. कोल्हापूर जिल्ह्यात भोगावती नदीकाठी आमचं थोडं रान आहे, सगळा ऊस. एका रात्री वळीव झोडपून गेला आणि सकाळी ओढा तांबडाभडक होऊन नदीकडं धावत होता. वरच्या अंगाच्या रानात दोनच दिवसांपूर्वी तणनाशक मारलं होतं. हे पाणी कोण तपासतं का, असं मी काकांना विचारलं. ते चिडलेच. "शहराचा मैला नदीत, इचलकरंजीचं रंगाचं पाणी नदीत, कारखान्याची मळी नदीत. आन् तू शेतकऱ्याच्या मागं लागलीस व्हय?"

त्यांचा राग मला समजतो. पंचगंगेत येणारं कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं सांडपाणी, कापड प्रोसेसचं पाणी, तेरवाडच्या बंधाऱ्यावर पडणारा मेलेल्या माशांचा खच आणि शिरोळच्या लोकांची आंदोलनं, हे सगळं आपण वर्षानुवर्षं वाचतो. तो लढा खरा आहे आणि अजून संपलेला नाही. पण त्या वादात नदी जणू कोल्हापूर शहरापाशी उगम पावते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या मिळून पंचगंगा होते. त्यांच्या काठानं मैलोन्मैल ऊस आहे, त्यावर पडणाऱ्या औषधाचं पुढं काय होतं याचा वादात उल्लेखही नसतो. मेलेला मासा पुलावरून दिसतो, उसातलं ॲट्राझीन हे तणनाशक दिसत नाही.

मी बारा वर्षं जर्मनीत लाइपझिगला राहते. इथल्या हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्रानं 2018 आणि 2019 मध्ये देशभरातल्या लहान ओढ्यांवर शंभराहून जास्त ठिकाणी कीडनाशकं मोजली, त्यांत तणनाशकंही आली. ठरल्या दिवशी जाऊन बाटली भरण्यावर ते थांबले नाहीत. पावसानं ओढ्याची पातळी पाच सेंटिमीटर वाढली की आपोआप नमुना घेणारी यंत्रं त्यांनी काठावर बसवली. औषध नदीत येतं ते पावसानंतरच्या काही तासांत. लोंढा ओसरला की त्याचा मागही पुसट होतो. 81 टक्के ओढ्यांत कुठलं ना कुठलं कीडनाशक पाण्यातल्या जिवांसाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर निघालं. वाचून मला धक्का बसला, कारण मीही इथल्या ओढ्यांचं पाणी स्वच्छच समजत होते.

म्हणून जर्मनीकडं बघा आणि शिका, असं मी म्हणणार नाही. जर्मनीनं ॲट्राझीनवर 1991 मध्ये बंदी घातली, तरी ते आणि त्याचे अंश पुढं अनेक वर्षं इथल्या भूजलात सापडत राहिले. युरोपात वापरायला मनाई असलेली औषधं युरोपातल्याच कारखान्यांतून बाहेरच्या देशांत जातात, याची मला इथं राहून लाज वाटते. घेण्यासारखी गोष्ट एकच, पाऊस पडत असताना मोजायचं.

आपल्याकडं नदीच्या नेहमीच्या अहवालात सामू (पाणी आम्ल की अल्कली), विरघळलेला प्राणवायू, बीओडी (घाण कुजताना लागणारा प्राणवायू), कोलिफॉर्म (मैल्यातले जंतू) असतात. मैला आणि मळी पकडायला हे आकडे योग्यच आहेत. तणनाशक त्यांत सापडत नाही.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब केला. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला 0.1 मायक्रोग्रॅम आहे. भोगावतीवरचं राधानगरी धरण 8.36 टीएमसीचं, म्हणजे 8.36 अब्ज घनफुटांचं. ते काठोकाठ भरलेलं असताना सगळं पाणी त्या मर्यादेला न्यायला सुमारे 24 किलो शुद्ध ॲट्राझीन पुरतं. उसाला ते हेक्टरी अर्धा ते दोन किलो वापरतात. त्यातला अगदी थोडा भाग वाहून जातो हे खरं, पण आपल्या जिल्ह्यात हेक्टर किती आहेत! भारतीय मानकात ॲट्राझीनची मर्यादा 2 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे युरोपच्या वीसपट सैल. ती तरी पाळली जाते का, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? त्यात आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष रानात राहणाऱ्या उसाची लागण जुलै-ऑगस्टची. उगवणीपूर्वीचं तणनाशक लागणीनंतर लगेच मारायचं, म्हणजे ऐन पावसात.

यात शेतकऱ्याला आरोपी करू नये. आई बायकांबरोबर सरीत बसून भांगलण करायची, हातानं तण काढायची, ते मला आठवतं. आता भांगलणीला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. तणनाशक त्या रिकाम्या जागी आलं आहे. मोजलेले आकडे उद्या गावावर दंड बसवायला वापरले तर पुन्हा कोणी ओढ्याजवळ फिरकू देणार नाही. काकांना खरी भीती हीच आहे.

मोजणीचं ज्ञान आपल्याकडं आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतला औषधांचा अंश आपण काटेकोर तपासतो. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. परक्याच्या ताटातल्या घडासाठी जे करतो, ते आपल्या ओढ्यासाठी का नाही? नमुन्याला महागडं यंत्रही लागत नाही. काचेची बाटली, बुचात दोन नळ्या, एकीतून पाणी आत, दुसरीतून हवा बाहेर. नेहमीच्या पाण्याच्या चार बोटं वर बांधायची. पाणी चढलं की ती भरते. सकाळी बर्फात घालून प्रयोगशाळेकडं न्यायची. शिवाजी विद्यापीठातल्या मुलांनी चार उपनद्यांच्या ओढ्यांवर आणि बंधाऱ्यांवर अशा बाटल्या वळवापासून दोन महिने बांधल्या, तर पहिला नकाशा हाती येईल. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायच्या आधीचं अडलेलं पाणी तर वेगळं तपासायलाच हवं.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाटली बांधायची तर वरच्या मोरीला बांध. खाली गुरं उतरत्यात."