किमान, कमाल, सरासरी

सातवीतल्या पोराला घरी कुणी विचारलं, "आज शाळेत काय झालं रे?" तर उत्तर ठरलेलं. "काही नाही." त्या दिवशी प्रयोगशाळेत चंचुपात्र फुटलेलं असो, मधल्या सुट्टीत वर्गात वानर शिरलेलं असो, की याच चिरंजीवांना ऑफिसबाहेर तासभर उभं केलेलं असो. काही नाही. चौथीपर्यंत हीच मुलं दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत अख्खा दिवस सांगून मोकळी होतात. सातवीत घसा फुटतो आणि तोंड मिटतं.

त्यामुळे वर्गात काय चाललंय ते घरोघरी कळवायचं काम वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडतं. मी निफाड तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सातवी 'ब' सांभाळते. जून ते नोव्हेंबर फार काही बिघडत नाही. घटक चाचणी, सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, संपलं. खरी कसोटी डिसेंबरात. स्नेहसंमेलन, सहल, क्रीडास्पर्धा, २२ तारखेला रामानुजन यांच्या जयंतीचा गणित दिन, २४ला साने गुरुजी जयंती, नाताळ, ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी, १४ला तिळगूळ. प्रत्येकाला वेगळा पोशाख, वेगळी वर्गणी, वेगळी वेळ. आणि नेमकी याच दिवसांत आमच्याकडे उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते. आईबाप दोघंही वाकलेले, हात चिखलात. फोन बांधावरच्या पिशवीत.

पूर्वी चिठ्ठी द्यायची पद्धत होती. चिठ्ठी मुलाच्या हातात दिली की ती दप्तरात जाते इथवर मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढचं कोडं जूनमध्ये दप्तर झटकल्यावर सुटतं. मग दैनंदिनीत लिहून पालकांची सही मागवून पाहिली. सह्या झटपट आल्या. मागच्या दोन बाकांवरच्या सगळ्या वडिलांचं अक्षर एकसारखं होतं, आणि त्यातल्या एका वडिलांनी तर स्वतःच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ अगदी त्यांच्या मुलाइतकाच चुकवला होता.

म्हणून व्हॉट्सॲपचा ग्रुप आला. ग्रुपवर कोण कोणाचा पालक हे कळायला मार्ग नाही, कारण नावाच्या जागी कुणी 'शेतकरी राजा' असतो, कुणी 'जय मल्हार', कुणी नुसता ठिपका. मी त्यांना फोटोवरून ओळखते. ट्रॅक्टर, गुलाब, महादेव, बैलजोडी, आणि एका मातोश्रींनी फोटोच्या जागी द्राक्षाचा घड ठेवलाय, त्या द्राक्षताई. गुलाब हे एका पैलवान गृहस्थांचं चित्र आहे, हे मला पालकसभेत कळलं.

वेळेचंही गणित निराळं. थ्री फेजची वीज रात्री येते, तेव्हा लोक पाणी भरायला शेतात. वाफा भरेपर्यंत हातात फोन. त्यामुळे दुपारी बारा वाजता टाकलेल्या सूचनेवर पहिली शंका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी येते. "मॅडम उद्या डबा आणायचा का." त्याला बैलजोडी लगेच उत्तर देते, "कशाचा डबा." मग गुलाब अंगठा दाखवतो. कशाला, ते विचारायचं नाही.

नाताळच्या सुट्टीचा प्रश्न दरवर्षी निघतो. आमच्या शाळेला २५ तारखेची एक सुट्टी. रस्त्यापलीकडच्या इंग्रजी माध्यमाला २४ डिसेंबर ते १ जानेवारी. एकाच घरातलं धाकटं इंग्रजीत आणि थोरलं आमच्याकडे असलं की त्या घरात आठवडाभर युद्ध पेटतं, आणि त्याच्या बातम्या मला ग्रुपवर येतात. "मॅडम, आपल्यालाच का एक दिवस?" मी लिहिलं की वर्षाला एकूण सुट्ट्या ७६ च्या वर नेता येत नाहीत, दिवाळीला जास्त घेतल्या म्हणून आता कमी. त्यावर महादेवांनी शांतपणे विचारलं, "मग दिवाळीच्या थोड्या परत करता येतील का?" मी हे मुख्याध्यापकांना दाखवलं. ते बराच वेळ त्यावर विचार करत बसले होते.

थंडीचं तर काही सांगायलाच नको. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा पेपरात येतो आणि त्या बातमीचा फोटो ग्रुपवर. खाली कुणी काही लिहीत नाही. नुसता फोटो. पण ती मागणी असते. अशा रात्री इथले द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. घरातलं हाताशी आलेलं पोरगंही सोबत असतं. मग वर्गात तिसऱ्या तासाला खिडकीजवळच्या रांगेतून धुराचा वास यायला लागतो आणि दोन माना वहीवर पडतात. मी उठवत नाही. रात्री किती पारा उतरला ते मला पेपरच्या आधी कळलेलं असतं.

आणि हीच खरी गंमत आहे. माझ्याकडून घरी जाणारी बातमी वाटेत कुठेतरी बसून राहते, घरची बातमी मात्र माझ्यापर्यंत धावत येते. कुणाच्या विहिरीची मोटर जळली, कुणाच्या आत्याचं लग्न मोडलं, कुणाच्या पप्पांनी मम्मीला न विचारता जुनी जीप घेतली, हे सगळं मला हजेरी व्हायच्या आत माहीत असतं. उलट बाजूनेही काही गोष्टी पोहोचतात, नाही असं नाही. मी टाकलेल्या सूचना सोडून सगळ्या. मी तासाला जांभई दिली, माझं आणि पीटीच्या सरांचं मैदानावरून वाजलं, स्टाफरूममध्ये वडापाव मागवले आणि मुलांना दिले नाहीत. बाजारात द्राक्षताई भेटल्या तर म्हणाल्या, "मॅडम, त्या हिरव्या साडीचा काठ उसवलाय म्हणे." घरी जाऊन पाहिलं. उसवला होता.

ग्रुपवर रोज न चुकता वाचला जाणारा एकच मजकूर होता आणि तो माझा नव्हता. दुपारी लिलाव झाले की ट्रॅक्टरभाऊ लासलगावचे भाव टाकतात. लाल कांदा : किमान, कमाल, सरासरी. पाच मिनिटांत सगळ्यांच्या निळ्या खुणा. शैक्षणिक ग्रुपवर बाजारभाव नकोत असं मी दोनदा बजावलं, तेव्हा ट्रॅक्टरभाऊंनी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी भाव टाकून खाली "शैक्षणिक माहितीसाठी" असं लिहिलं. शेवटी मी त्यांनाच शरण गेले. म्हटलं, भाऊ, तुमच्या भावाखाली माझी एक ओळ टाकत जा. त्यांनी मोठ्या मनाने टाकली, पण स्वतःच्या घडणीत. "लाल कांदा, किमान अमुक, कमाल तमुक, सरासरी इतका. सातवी ब सहल वर्गणी, किमान कमाल सरासरी एकच, शुक्रवारपर्यंत." शुक्रवारच्या आत सगळी वर्गणी जमा. मुख्याध्यापकांनी मला सूचनालेखनाबद्दल सभेत शाबासकी दिली, ती मी ठेवून घेतली.

स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाचं शेतकरी नृत्य होतं. पोशाख कळवला : पांढरा सदरा, धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. तासाभरात गुलाबरावांचा फोन. "मॅडम, आमच्या तीन पिढ्या शेतकरी. पण यातलं घरात काहीच नाही. ट्रॅक पँट आणि टोपी चालेल का? मी तसाच जातो." त्यांचं बरोबर होतं, पण नृत्य बसवणाऱ्या सरांना ते पटेना. अखेर तालुक्यातले अस्सल शेतकरी गाड्या काढून नाशिकला गेले आणि भाड्याने शेतकऱ्याचे कपडे घेऊन आले. धोतराला इलॅस्टिक, घोंगडीला मागून पांढरं अस्तर, विळा प्लास्टिकचा. अनामत रक्कम वेगळी. कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या रांगेत एक आजोबा बसले होते. अंगावर धोतर, डोक्याला टोपी, सगळं स्वतःचं. नाच संपताच ते काठी टेकत स्टेजमागे आले, नातवाला गोल फिरवून पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, याचा कासोटा कुठंय?" मी दुकानाकडे बोट दाखवलं. म्हणजे नाशिकच्या दिशेला.

सहलीसाठी मात्र मी लोकशाही मार्ग धरला. ग्रुपवर मतदान टाकलं : वेरूळ की रायगड. निम्म्या पालकांनी दोन्हींना मत दिलं. तिघांनी मत न देता "शिर्डी पण घ्या, वाटेतच आहे" असं लिहिलं. शिर्डी वाटेत नाही. पण आमच्याकडे कुठूनही कुठेही जाताना शिर्डी वाटेतच असते. वेरूळ ठरलं. एसटी शालेय सहलींना भाडं निम्मं करते, म्हणून लाल बस ठरली. संमतीपत्रं गेली, आली, पुन्हा गेली, कारण काहींवर सही विद्यार्थ्याची होती आणि विद्यार्थ्याच्या जागी वडिलांची. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात म्हणून बुधवार धरला, तसं कळवलं. सामान्यज्ञानात भर म्हणून मुख्याध्यापकांनी त्यात एक वाक्य वाढवलं, की अजिंठा सोमवारी बंद असतो. संध्याकाळपर्यंत गावात पक्की बातमी होती : सोमवार-मंगळवार शाळा बंद. सोमवारी वर्गात सात मुलं. त्यातली दोन सहावीची, चुकून आलेली.

बुधवारी पहाटे पाचला बस निघाली. येवला, वैजापूर करत वेरूळला पोहोचेपर्यंत आज्यांचे निरोप ध्वनिमुद्रित होऊन येत होते. स्वेटर घातलाय का. कानाला बांधलंय का. खिडकी लावा. आणि वेरूळला तर चांगलं रणरणत होतं. सगळे स्वेटर कमरेला. कैलास लेण्यासमोर वर्गाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्या दिवशी पहिल्यांदा कांद्याच्या भावाची गती माझ्या संदेशाला मिळाली. क्षणात सगळ्यांनी पाहिला. "आमची दिसत नाही." "मॅडम, तिसऱ्या रांगेतल्याचा स्वेटर?" "मागे एवढं मोठं काय आलंय, त्याने पोरं बारीक दिसतात."

मागे आलेलं होतं ते सोळा नंबरचं लेणं. अखंड कातळ वरून खाली कोरत आणलेलं, आधी कळस, मग पाया. मुलांना मी तेच सांगत होते, राष्ट्रकूटांचा काळ, आठवं शतक, एक छिन्नी चुकली तर भरून काढता येत नाही. सांगता सांगता मला वेगळाच हेवा वाटायला लागला. वरच्या कारागिराने खालच्याला काय कळवलं असेल, आणि कसं? "हत्ती डावीकडे" असं सांगितल्यावर कुणी अंगठा दाखवून उजवीकडे कोरला नसेल? एवढ्या माणसांत एकानेही "कोणता हत्ती, पुन्हा टाका" असं विचारलं नसेल? पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यांना सगळ्यांना तिथंच राहावं लागत असेल ना. घरी जायचंच नाही, मग कळवायचं कुणाला?" सातवीची मुलगी. शाळेत काय झालं विचारलं तर घरी काही नाही म्हणणारी.

येताना देवगिरीचा किल्ला केला. अंधारीत कोण घाबरलं नाही यावर पुढे बसमध्ये बरीच मारामारी झाली. वैजापूर ओलांडेपर्यंत बस झोपली. माझ्या शेजारच्या सीटवर महादेवांचे चिरंजीव तोंड उघडं टाकून घोरत होते, मांडीवर पेरूची पिशवी. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. फोन वाजला, महादेवच.

"मॅडम, एक विचारायचं होतं. सहल नक्की कोणत्या तारखेला आहे?"

मी म्हटलं, "भाऊ, आज होती. आम्ही परत येतोय. तुमचा मुलगा माझ्या शेजारी झोपलाय."

पलीकडे जरा वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. मोटर चालू असावी.

"तरीच सकाळपासून दिसला नाही," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलं. आणि मॅडम, ट्रॅक्टरवाले तुमच्यासंगं बसमध्ये आलेत का? आज भाव नाही पडले ग्रुपवर."