‘मध्ये तिसरं सॉफ्टवेअर कशाला?’ या मेसेजला उत्तर

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म ही मोठ्या कंपन्यांची चैन आहे. ईआरपी आणि टॅली थेट जोडा, काम भागतं. मधलं सॉफ्टवेअर बंद पडलं तर सगळंच बंद पडेल. लायसन्सला लाखो रुपये जातील. त्यापेक्षा एकच मोठी ईआरपी घ्या, नाहीतर एक्सेलमध्ये तरबेज असा एक माणूस ठेवा.’ (ईआरपी म्हणजे ऑर्डर, स्टॉक, उत्पादन सांभाळणारं सॉफ्टवेअर, टॅली हिशेबाचं, आणि इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म म्हणजे अशा वेगवेगळ्या सिस्टिममध्ये बसून माहिती इकडून तिकडे पोचवणारं मधलं सॉफ्टवेअर.) लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नाही. विक्रेत्यांकडून पोळलेल्या माणसाचा तो सूर आहे. पण हा मेसेज वाचून माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराने हाती घेतलेलं काम थांबवलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, ‘थेट जोडा’. सिस्टिम दोनच असतील तर हे अगदी बरोबर आहे. पण आज पन्नास कामगारांच्या कारखान्यातही ऑर्डर ग्राहकाच्या पोर्टलवर येते, स्टॉक ईआरपीत असतो, हिशेब टॅलीत, ई-इनव्हॉइस (विक्रीच्या बिलाची ऑनलाइन नोंद) आणि ई-वे बिल (मालवाहतुकीची नोंद) सरकारी पोर्टलवर, शिवाय वजनकाटा आणि हजेरीचं मशिन वेगळंच. विक्रेते इथे गणित मांडतात की सहा सिस्टिम म्हणजे १५ जोडण्या, दहा म्हणजे ४५. हे गणित मला पटत नाही, कारण हजेरीच्या मशिनचं वजनकाट्याशी काहीच काम नसतं. त्रास होतो तो काही बदललं की. एकच पार्ट घ्या. ग्राहकाच्या पीओवर (खरेदी ऑर्डरवर) त्याचा स्वतःचा पार्ट नंबर, ईआरपीत रिव्हिजनसकट (ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीसकट) आपला ड्रॉइंग नंबर आणि टॅलीत नुसतं ‘हाऊसिंग ६२०५’. हे तिन्ही एकच आहेत, हे कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. थेट जोडणीत ते प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात वेगवेगळं लिहिलं जातं. मग रिव्हिजन बदलली की एका ठिकाणी दुरुस्ती होते, दुसऱ्या ठिकाणी राहून जाते आणि ग्राहकाकडे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) अडकतो. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला सहा अंकी एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) सक्तीचा झाला, तेव्हाही ज्याच्या जितक्या जोडण्या, तितक्या ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. मध्यवर्ती प्लॅटफॉर्मवर हा जुळणीचा तक्ता एकच असतो आणि तो कारखान्यातला माणूस स्वतः उघडून वाचू शकतो.

‘मधलं बंद पडलं तर सगळं बंद’ हा मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. सगळी वाहतूक एका ठिकाणाहून जात असेल तर ते ठिकाण सांभाळावंच लागतं. पण थेट जोडणी बंद पडते तेव्हा काय होतं, हेही बघा. टॅलीशी प्रोग्रामने बोलायचं तर त्या पीसीवर टॅली चालू हवी आणि त्यात कंपनी उघडलेली हवी. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, अकाउंट्सचा पीसी बंद, पण ग्राहकाची निकड म्हणून डिस्पॅच चालू. ईआरपीने व्हाउचर (हिशेबाची नोंद) पाठवलं, पलीकडे घ्यायला कोणी नाही, आणि चूक झाल्याचं कुणाच्याही स्क्रीनवर उमटलं नाही. ते कळतं महिनाअखेरीला, ताळा जुळत नाही तेव्हा. नीट बसवलेल्या प्लॅटफॉर्मवर हेच व्हाउचर क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, डिस्कवर लिहून ठेवलेलं राहतं आणि टॅली उघडली की आत जातं.

ई-इनव्हॉइसचं याहून अवघड आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ही सक्ती ५ कोटींवरच्या उलाढालीपर्यंत खाली आली आणि आपल्याकडचे कितीतरी छोटे कारखाने त्यात आले. समजा, इनव्हॉइस पोर्टलवर पोचलं, नोंदलंही गेलं, पण उत्तर परत येताना नेट तुटलं. डिस्पॅचच्या मुलाला वाटतं, गेलंच नाही. तो पुन्हा पाठवतो. आयआरएन हा प्रत्येक ई-इनव्हॉइसचा ६४ अक्षरी क्रमांक विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि इनव्हॉइस नंबर यांवरून बनतो, त्यामुळे पोर्टल ‘डुप्लिकेट आयआरएन’ म्हणून ते परत पाठवतं. गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मुलगा इनव्हॉइस नंबरपुढे ‘ए’ लावतो आणि काम उरकतो. आता एकाच मालाची दोन इनव्हॉइस सरकारदरबारी नोंदली गेली आणि जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) दोन्ही आपोआप उतरणार. २४ तासांच्या आत लक्षात आलं तर एक रद्द करता येतं. त्यानंतर पोर्टलवर ती सोय नाही, मग क्रेडिट नोट आणि सीएकडे फेऱ्या. मुलाचा यात दोष नाही, त्याला खरं काय झालं ते दिसतच नव्हतं. उत्तर आलं नाही तर आंधळेपणाने पुन्हा पाठवायचं नाही, आधी पोर्टललाच विचारायचं की हे इनव्हॉइस तुझ्याकडे आहे का, हा नियम प्लॅटफॉर्मवर एकदा लिहिला की पुरतो. थेट जोडणीतही तो लिहिता येतो, कबूल. पण मग तोच विचार ई-वे बिलासाठी, ग्राहकाच्या पोर्टलसाठी, प्रत्येक जोडणीत नव्याने लिहावा लागतो, आणि घाईत कोणी लिहीत नाही.

खर्चाबद्दल. महागडी लायसन्स बाजारात आहेत, हे खरं. पण अपाचे कॅमल आणि रॅबिटएमक्यू ही अशा जोडणीची दोन्ही साधनं २००७ पासून ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहेत, त्यांना लायसन्स फी नाही. पैसे लागतात ते सर्व्हर, बॅकअप आणि सांभाळणाऱ्या माणसाला. तो आकडा आधी काढा आणि त्याशेजारी आज हाताने दुबार नोंदी करण्यात जाणारे पगाराचे तास मांडा.

एकच मोठी ईआरपी घेतली तरी ग्राहकाचं पोर्टल आणि जीएसटीचं पोर्टल तुमच्या ईआरपीत येणार नाही. जोडावं लागणारच.

राहिला एक्सेलवाला माणूस. अशा माणसांवर पुण्यातले कितीतरी छोटे कारखाने चालतात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच कोणता पार्ट कोणत्या नावाने कुठे आहे, हे सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवणं त्याच्यावरच अन्याय आहे. त्याला आजारपणातही फोन येतात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा लॉग ठेवणं सक्तीचं आहे. अपलोड करण्याआधी एक्सेलमध्ये बदललेला आकडा त्या लॉगमध्ये दिसत नाही, आणि ऑडिटरच्या प्रश्नाला उत्तर द्यायला पुन्हा तोच माणूस उभा राहतो.

सगळं एकदम जोडायला जाऊ नका. इनव्हॉइस ते गेटपास एवढाच एक प्रवाह आधी घ्या. डेमोच्या वेळी विक्रेत्याला सांगा, इनव्हॉइस जात असताना नेटची केबल काढ. परत जोडल्यावर आयआरएन एकच दिसला पाहिजे आणि मधल्या वेळात काय झालं ते डिस्पॅचच्या मुलाला स्क्रीनवर मराठीत वाचता आलं पाहिजे. जुळणीचा तक्ता एक्सेलमध्ये बाहेर काढून मिळेल, हे पीओवर लिहून घ्या. याला जो विक्रेता तयार होत नाही, त्याच्याशी दराची बोलणी करू नका.